एक नोव्हेंबरची रेघ

आमच्या घरात निवृत्तिवेतनाचे तीन कायदे एका छपराखाली नांदतात. आम्ही उभयतां अनुदानित शाळांतून शिक्षकी करून निवृत्त झालो, एक २००४ साली आणि दुसरे २००९ साली. आम्हां दोघांनाही महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ यांना धरून शेवटच्या वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन मिळते आणि महागाई भत्ता वाढला की त्याबरोबर तेही वाढते. आमची सून आमच्यासारखीच अनुदानित शाळेत शिकवते, तोच खडू आणि तोच फळा. परंतु ती सेवेत आली २००७ साली, म्हणून ती वेगळ्या कायद्याखाली येते. तिच्या मूळ वेतनातून व महागाई भत्त्यातून दरमहा दहा टक्के कापून घेतले जातात, आणि त्या पैशांचे म्हातारपणी काय होईल हे पुष्कळ वर्षे कोणीही तिला ठामपणे सांगू शकत नव्हते. तिसरे आमचे धाकटे बंधू. त्यांनी एका खाजगी कारखान्यात तीस वर्षे यंत्रावर काढली. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ अन्वये त्यांना दरमहा जे मिळते ते तीन हजारांच्या आत आहे. महागाई वाढो की न वाढो, त्या आकड्यात बदल होत नाही.

एकाच पंगतीला बसणाऱ्या माणसांत असा भेद असला, की न्यायाचा प्रश्न वर्तमानपत्रातून वाचावा लागत नाही. तो ताटाशेजारीच बसलेला असतो. आमच्या वसईच्या पट्ट्यात तर शिक्षकांची घरे वाडीगणिक आहेत. धर्मग्रामाच्या शाळा निघाल्या, पुढे त्यांना अनुदान मिळाले, आणि शेतीवाडीवर जगणाऱ्या कुटुंबांतली पहिली शिकलेली पिढी त्या शाळांतून शिक्षक होऊन पगार घेऊ लागली. त्यामुळे सरकारने २००५ साली निवृत्तिवेतनाचा जो नवा मार्ग घातला, तो आपल्या कितीतरी कुटुंबांच्या मधोमध गेला आहे.

प्रथम निवृत्तिवेतन म्हणजे काय, याचा थोडा विचार करू. इंग्रजांच्या अमदानीत, १८७१ च्या पेन्शन कायद्याच्या काळात, ते राज्यकर्त्याने खूश होऊन दिलेले दान मानले जाई. खुशी सरली की दानही सरले. ही समजूत स्वातंत्र्यानंतरही सरकारी कचेऱ्यांत बरीच वर्षे मुरलेली होती. तिला खरा धक्का बसला तो १७ डिसेंबर १९८२ रोजी. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने डी. एस. नकारा यांच्या खटल्याचा निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड हे आपल्या पुण्याचे. पीठाच्या वतीने निकाल लिहिला तो न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी. प्रकरण असे होते, की १९७९ साली केंद्र सरकारने निवृत्तिवेतनाचे सूत्र उदार केले, पण त्याचा लाभ ३१ मार्च १९७९ रोजी किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच दिला. जो आदल्या दिवशी निवृत्त झाला, तो कायमचा मागे राहिला. न्यायालयाने ती तारखेची भिंत पाडली. निवृत्तिवेतन ही मालकाची मेहरबानी नव्हे, केलेल्या सेवेतून उपजलेला तो हक्क आहे, असे या निकालाने ठरवून टाकले. निवृत्त मंडळी १७ डिसेंबर हा आपला दिवस म्हणून पाळतात तो याचसाठी.

हा निकाल आम्ही सेवेत असताना आला, आणि शिक्षकांच्या खोलीत त्यावर झालेली चर्चा आम्हांला आठवते. पगार म्हणून आज जे हाती येत नाही, ते उद्यासाठी सरकारकडे राहते आहे, असे त्या वेळी आमच्यातील वडीलधारे सांगत. त्यात बरेच तथ्य होते. शिक्षकाचा त्या काळचा पगार सांगितला तर आजची मुले हसतील. पण तो कमी असूनही माणसे त्या नोकरीत राहत, कारण शेवट बांधलेला होता.

तेवीस वर्षांनी राज्याने पुन्हा एक तारीख धरली. केंद्र सरकारने १ जानेवारी २००४ पासून सैन्यदले वगळून नव्या भरतीसाठी अंशदानाची योजना आणली होतीच. महाराष्ट्राने तिच्या पावलावर पाऊल टाकले आणि १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत येणाऱ्यांना जुने निवृत्तिवेतन बंद करून 'परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना' लागू केली. नाव भारदस्त, अर्थ साधा: किती भरायचे ते ठरलेले, किती मिळेल ते न ठरलेले. कर्मचाऱ्याने दहा टक्के द्यावेत, सरकारने तितकेच घालावेत, आणि जमेल त्या रकमेवर माणसाने आपले म्हातारपण काढावे. केंद्राने आपला वाटा १ एप्रिल २०१९ पासून चौदा टक्के केला, आणि राज्यानेही तेच केले.

आता या तारखेकडे जरा पाहावे. १ नोव्हेंबर हा आपला सर्व संतांचा सण. आणि त्या वर्षी नेमके त्याच दिवशी लक्ष्मीपूजन होते. राज्यातील शाळांना दिवाळीची सुट्टी लागलेली. म्हणजे ज्याचे नियुक्तिपत्र ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हाती पडले आणि जो लगोलग हजर झाला, तो जुन्या नियमांत बसला; ज्याला मुख्याध्यापकांनी आपुलकीने सांगितले, "आता सुट्टीच लागते आहे, सुट्टी संपली की या," तो नव्या योजनेत गेला. जाहिरात एक, परीक्षा एक, निवडयादी एक, आणि म्हातारपण दोन तऱ्हेचे. नियम करणाऱ्याला कुठेतरी रेघ मारावीच लागते, हे आम्हांला मान्य आहे. पण रेघ कशावरून मारली याचे उत्तर त्याच्यापाशी असावे. माणूस हजर कोणत्या दिवशी झाला, यापेक्षा सरकारने त्याला कोणत्या अटींवर बोलावले, हे अधिक महत्त्वाचे नाही काय? ही साधी गोष्ट मान्य व्हायला अठरा वर्षे लागली. केंद्राने मार्च २०२३ मध्ये आणि राज्याच्या मंत्रिमंडळाने ४ जानेवारी २०२४ रोजी असे ठरविले, की ज्यांच्या पदाची जाहिरात योजनेच्या आधी निघाली होती त्यांना जुन्या निवृत्तिवेतनाचा एकवार पर्याय द्यावा. महाराष्ट्रात त्याचा लाभ सुमारे सव्वीस हजार कर्मचाऱ्यांना व्हावयाचा होता. सव्वीस हजार घरे अठरा वर्षे चुकीच्या बाजूस उभी होती, असाच त्याचा अर्थ.

याहून अवघड गाठ आपल्या शाळांची आहे. पुष्कळ संस्थांनी वर्ग काढले ते विनाअनुदानित तत्त्वावर. शिक्षक २००५ च्या आधीपासून शिकवीत होते, हजेरीपटावर त्यांच्या सह्या आहेत; पण शाळेला शंभर टक्के अनुदान मिळाले ते पुढे कधीतरी, टप्प्याटप्प्याने. अशा शिक्षकांची सेवा कधी सुरू झाली म्हणायची? शासन म्हणते, आम्ही पैसे द्यायला लागलो तेव्हापासून. शिक्षक म्हणतो, मी शिकवायला लागलो तेव्हापासून. या प्रश्नावर वर्षानुवर्षे न्यायालयांत खेटे घातले गेले आहेत. आमचा कल कोणीकडे आहे हे वाचकांनी ओळखलेच असेल. ज्या मुलाने १९९९ साली त्या शिक्षकाकडून पाढे पाठ केले, त्याला ते अनुदानित शिकविले की विनाअनुदानित, हे आजतागायत ठाऊक नाही.

परंतु मुख्य प्रश्न वेगळा आहे, आणि तेथे आमचे मत आमच्या अनेक व्यवसायबंधूंना रुचणार नाही. कर्मचाऱ्याने आपल्या निवृत्तिवेतनासाठी स्वतः पैसे भरावेत, यात अन्याय आहे काय? आम्हांला तसे वाटत नाही. जुन्या व्यवस्थेत आम्ही निवृत्तिवेतनासाठी एक पैसाही भरला नाही. आमच्या पगारातून भविष्य निर्वाह निधीची वर्गणी जाई खरी, पण ती आमचीच बचत होती, आणि व्याजासह ती आमच्याच हाती आली. निवृत्तिवेतन येते ते आजच्या कराच्या उत्पन्नातून. आम्ही तीस-तेहतीस वर्षे शिकविले, आणि आमच्यापैकी जे अगोदर निवृत्त झाले त्यांना आता बावीस वर्षे निवृत्तिवेतन मिळत आहे. पुढे आमच्यामागे जो जोडीदार राहील त्याला कुटुंबनिवृत्तिवेतन मिळेल. देवाने दिलेले आयुष्य वाढले, ही आनंदाची गोष्ट. पण त्याचा खर्च कोणीतरी भरतोच. तो भरणाऱ्यांत आमचे धाकटे बंधू आहेत. वाडीत केळीचे खांब आणि फुलांच्या सऱ्या राखणारा आमचा शेजारी आहे. साबण आणि चहापूड विकत घेताना कर देणारी प्रत्येक मोलकरीण आहे. या तिघांना सरकार म्हातारपणी काय देते? बंधूंच्या योजनेत किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ मध्ये एक हजार रुपये ठरले. निराधार वृद्धाला राज्य देते ते २०२३ पासून दरमहा दीड हजार. शेजाऱ्याला तर तेही नाही, कारण सात-बाराच्या उताऱ्यावर त्याचे नाव आहे आणि म्हणून तो निराधार ठरत नाही.

जुन्या निवृत्तिवेतनाकडे परतण्याचा खर्च किती, याचा अंदाज रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या मासिक पत्रिकेतील एका अभ्यासात आहे. सगळी राज्ये जुन्या योजनेवर गेली तर दीर्घ मुदतीत एकूण भार नव्या योजनेच्या साडेचारपट होऊ शकेल, असे त्यात म्हटले आहे. राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब या राज्यांनी २०२२ मध्ये आणि हिमाचल प्रदेशाने २०२३ मध्ये परत फिरण्याचे जाहीर केले. अशा निर्णयात एक मोह असतो: घोषणा करणाऱ्याला मते आज मिळतात, आणि पैसे द्यावे लागतात ते तीस वर्षांनी येणाऱ्या अर्थमंत्र्याला. एकदा निवडून आलेल्या लोकप्रतिनिधीला मात्र अंशदान न भरता निवृत्तिवेतन चालू राहते, हेही येथे नमूद करावयास हवे. ज्यांनी दुसऱ्यांसाठी रेघ मारली ते स्वतः रेघेच्या अलीकडेच राहिले, आणि कर्मचाऱ्यांच्या मनात जी चीड साठली तिला हे एक मोठे कारण आहे.

असो. अंशदान न्याय्य आहे असे म्हटल्यावर मग अन्याय कोठे आहे? आमच्या मते तो जोखमीत आहे. जुन्या व्यवस्थेत सारी जोखीम सरकारची होती: माणूस किती जगेल, महागाई किती वाढेल, व्याज किती पडेल, या तिन्ही गोष्टींचा भार राज्याच्या तिजोरीने उचलला होता. २००५ मध्ये तिन्ही भार उचलून एकट्या माणसाच्या डोक्यावर ठेवले. राज्य शेकडो वर्षे जगते, त्याच्यापाशी लाखो माणसांची सरासरी असते. एक माणूस दहा वर्षे जगला आणि दुसरा तीस, तरी त्याचा हिशोब बसतो. एकट्या शिक्षिकेने आपल्या मरणाची सरासरी कशी काढावी?

सुनेला आम्ही एकदा कागदावर हिशोब मांडून दाखविला, तो येथेही देतो. आकडे समजुतीपुरते धरलेले आहेत. समजा, एका शिक्षकाचे शेवटचे मूळ वेतन ऐंशी हजार. जुन्या नियमांनी त्याला चाळीस हजार निवृत्तिवेतन आणि त्यावर महागाई भत्ता. नव्या योजनेत, समजा, त्याच्या खात्यात पन्नास लाख जमले. त्यातले साठ टक्के, म्हणजे तीस लाख, तो रोख घेऊ शकतो. उरलेल्या चाळीस टक्क्यांचे, म्हणजे वीस लाखांचे, विमा कंपनीकडून वर्षासन विकत घ्यावेच लागते. सहा टक्के दर धरला तर ते महिन्याला दहा हजार येते. हातातले तीस लाख त्याने कशालाही न मोडता बँकेत ठेवले आणि तेथेही सहाच टक्के मिळाले, तर आणखी पंधरा हजार. एकूण पंचवीस. मूळ रक्कम मुलाबाळांना राहते, हा नव्या योजनेचा खरा लाभ, आणि तो लपविण्याचे कारण नाही. पण आता पुढे पाहा. महागाई दरसाल पाच टक्क्यांनी वाढली, तर साधारण चौदा वर्षांत वस्तूंच्या किमती दुप्पट होतात. जुन्या योजनेतला माणूस बहात्तराव्या वर्षी महागाई भत्त्याच्या काठीने उभा असतो. नव्या योजनेतल्या माणसाचे पंचवीस हजार पंचवीसच राहतात, आणि त्यांत बाजारहाट होतो तो साडेबारा हजारांचा. नेमके ते वय औषधांचे. मुलीच्या लग्नासाठी वा घराच्या डागडुजीसाठी तीस लाखांतले निम्मे गेले असतील, तर काय उरते याचा हिशोब वाचकांनीच करावा.

शेअर बाजाराची भीती फार सांगितली जाते. आम्हांला ती तितकीशी खरी वाटत नाही. सरकारी कर्मचाऱ्यांच्या मूळ योजनेत शेअरांचा वाटा बराच काळ पंधरा टक्क्यांच्या मर्यादेत होता. बाकीचे पैसे रोख्यांतच होते. खरा वैरी बाजार नव्हे, महागाई आहे, आणि ती आरडाओरडा न करता येते.

त्याहूनही आम्हांला जी गोष्ट कधी पटली नाही, ती कुटुंबनिवृत्तिवेतनाची. जुन्या नियमांत माणूस सेवेत असताना गेला तर मागे राहिलेल्या पत्नीला अखेरच्या वेतनाच्या किमान तीस टक्के आणि त्यावर महागाई भत्ता मिळे. २००५ नंतरच्यांसाठी सुरुवातीची अनेक वर्षे ही सोयच नव्हती. घराला मिळायचे ते खात्यात साठलेले पैसे. आणि खात्यात पाचसहा वर्षांत साठणार ते किती? आमच्या ओळखीचे एक तरुण शिक्षक २०१२ साली रस्त्यावरच्या अपघातात गेले. चित्रकला शिकवीत, गणपतीच्या मखरापासून नाताळच्या गोठ्यापर्यंत सगळ्या आळीची सजावट करीत. त्यांच्याच शाळेत त्यांच्याहून तीन वर्षे आधी लागलेले दुसरे शिक्षक दोन वर्षांनी हृदयविकाराने वारले. दोघांच्या पत्नी एकाच चर्चमध्ये येत. एकीला महिन्याच्या महिन्याला बँकेतून पैसे काढता येत. दुसरीने शिवणयंत्र घेतले, आणि शाळेचे गणवेश शिवून दोन मुली वाढविल्या. पतींनी भरलेले आयुष्य सारखेच होते. अंशदानाने जे उत्तर दिले त्यात साठलेल्या रकमेचा हिशोब बरोबर होता, पण विधवेचा प्रश्न त्यात नव्हताच. विमा आणि बचत या दोन वेगळ्या वस्तू आहेत. तरुण माणसाच्या मरणावर बचतीचा उतारा चालत नाही, कारण त्याला बचत करायला वेळच मिळालेला नसतो. मार्च २०२३ च्या अखेरीस राज्याने नव्या योजनेतील कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांनाही कुटुंबनिवृत्तिवेतन व मृत्यु-उपदान देण्याचा निर्णय केला. तोवर मोठी मुलगी बारावीला पोहोचली होती.

हा निर्णय आपोआप झाला नाही. १४ मार्च २०२३ पासून राज्यातील सरकारी-निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक यांनी सात दिवस संप केला. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा तेव्हा गावोगाव ऐकू येत होती. दहावीच्या परीक्षा चालू होत्या, रुग्णालयांत परिचारिका नव्हत्या. आमची सून संपात होती. त्या रविवारी, १९ तारखेला, मिस्सेनंतर चर्चच्या आवारात आमच्या शेजाऱ्याने आम्हांला थांबविले.

"सर, टीचर, रागावू नका. पण माझ्या पोराची दहावी आहे. तुमच्या सुनेला आज सत्तर-ऐंशी हजार पगार आहे, आणि तरी म्हातारपणाची काळजी? मला कोण देणार पेन्शन? वाडीतली केळ?"

सून शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "काका, तुम्हांला मिळत नाही म्हणून मलाही नको, असं म्हणता, की मला मिळावं आणि तुम्हांलाही मिळावं, असं?"

"मिळालं तर दोघांना मिळू दे," तो म्हणाला, "पण तुझ्या पेन्शनचे पैसे माझ्याकडून घेतील, आणि माझ्या पेन्शनचे कुणाकडून घेतील, ते सांग."

त्यावर ती काही बोलली नाही. आम्हांलाही बोलता आले नाही. आमचे तर दोघांचेही निवृत्तिवेतन ठरलेले, बँकेत जमा होणारे. आम्ही कोणत्या तोंडाने कोणाची बाजू घ्यावी? तथापि एवढे खरे, की शेजाऱ्याच्या प्रश्नाला 'जुनी पेन्शन' हे उत्तर नाही, आणि सुनेच्या प्रश्नाला 'शेजाऱ्यालाही मिळत नाही' हे उत्तर नाही. निवृत्तिवेतन कमी लोकांना मिळते म्हणून ते मोडावे, असे म्हणणे म्हणजे गावात एकच विहीर आहे म्हणून ती बुजवावी, असे म्हणण्यासारखे आहे. पण त्या विहिरीचा गाळ काढायला सगळ्या गावाने पैसे द्यावेत आणि पाणी मात्र एका आळीने भरावे, हेही गावाने किती दिवस सोसावे?

संप २० मार्चला मागे घेण्यात आला आणि अभ्यास समिती नेमली गेली. पुढे १ मार्च २०२४ रोजी मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधानसभेत सुधारित योजना जाहीर केली: अंशदान चालू राहील, पण अखेरच्या वेतनाच्या निम्म्याची हमी आणि त्यावर महागाई भत्ता मिळेल. २४ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्राच्या मंत्रिमंडळाने एकीकृत निवृत्तिवेतन योजना मंजूर केली, आणि दुसऱ्याच दिवशी राज्याच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. केंद्रात ती १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. पंचवीस वर्षे सेवा झालेल्याला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे. त्याहून कमी सेवेला त्या प्रमाणात. दहा वर्षे सेवेला किमान दहा हजार. मागे राहिलेल्या जोडीदाराला निवृत्तिवेतनाच्या साठ टक्के. कर्मचाऱ्याचा वाटा दहाच टक्के राहिला, आणि केंद्र सरकारचा साडेअठरा टक्क्यांवर गेला.

आमच्या मते जे २००५ मध्ये व्हायला हवे होते ते हेच, किंवा याच्या जवळचे काही. माणसाने भरावे, सरकारने भरावे, आणि जोखीम सरकारने उचलावी. भरण्याने कर्मचाऱ्याचा स्वाभिमान वाढतो. उद्या शेजाऱ्याने विचारले तर सून सांगू शकेल, की मी माझा वाटा दिला आहे. आमच्यापाशी ते उत्तर नाही. परंतु यातही एक काटा राहिलाच आहे, तो पंचवीस वर्षांच्या अटीचा. ज्यांची विनाअनुदानित शाळेतली वर्षे मोजली गेली नाहीत, त्यांची मान्य सेवा अनुदान आल्या दिवसापासून सुरू होते. समजा, अशी एक शिक्षिका अठ्ठावीस वर्षे वर्गात उभी राहिली, पण कागदावर अठराच वर्षे भरली. तिला निम्म्याऐवजी छत्तीस टक्के मिळतील. तुटपुंज्या मानधनावर काढलेली वर्षे म्हातारपणी दुसऱ्यांदा कापली जातील. पूर्ण निवृत्तिवेतनाची अट अठरा-वीस वर्षांवर आणली असती, किंवा ती वर्षे निम्म्याने तरी धरली असती, तर तिजोरी बुडाली नसती.

जुन्या पद्धतीला आणखी एक गुण होता, तो आम्हांला सुनेमुळे कळला. आमच्या काळी हिशोब एकच: सेवापुस्तक. त्यात तारखा बरोबर असल्या की झाले. अंशदानाच्या योजनेत हिशोब महिन्यागणिक आहे. एका महिन्याची रक्कम खात्यात पडली नाही, तर तिच्यावरचे पंचवीस वर्षांचे व्याजही पडत नाही. शिक्षणसेवकाची तीन वर्षे संपवून सून २०१० साली नियमित झाली. कपात सुरू झाली, पण पावत्या येईनात. एका कचेरीने सांगितले, हिशोब वरच्या कचेरीत आहे. वरच्या कचेरीने सांगितले, तो खालून आला नाही. सरकारचा समान वाटा पडला की नाही, पडला तर कोणत्या महिन्यापासून, हे पाच वर्षे गुलदस्त्यात राहिले. पुढे खाती राष्ट्रीय निवृत्तिवेतन पद्धतीत नेण्यात आली, प्रत्येकाला बारा आकडी कायमचा क्रमांक मिळाला, आणि तेव्हापासूनच्या रकमा आता भ्रमणध्वनीवर दिसतात. मागच्या वर्षांच्या मात्र सगळ्या दिसत नाहीत.

तिने आपली सगळी पगारपत्रके जपून ठेवली आहेत. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिघे ती घेऊन बसलो. एकाने महिना वाचायचा, एकाने कपात सांगायची, तिने खात्यातली जमा ताडून पाहायची. सत्तावन्न महिन्यांपैकी अट्ठेचाळीस जुळले. उरलेल्या नऊ महिन्यांसाठी तिने शाळेमार्फत अर्ज दिला आहे, सोबत पगारपत्रकांच्या साक्षांकित प्रती जोडल्या आहेत, आणि पोहोच घेऊन ठेवली आहे.